बाही कोण बघतं?

तिनं ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. एरवी गिऱ्हाइकाशीच काय, सख्ख्या भावाशीही ती टाचण्या तोंडात ठेवूनच बोलायची.

"वाचा ना पुन्हा," ती म्हणाली.

"तूच वाच की. समोर तर आहे."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

सरांनी स्वच्छच असलेला चष्मा पुन्हा पुसला आणि संगणकाच्या पडद्यावरची यादी वाचायला घेतली. "गळा, मी. कॉलर, मी. बाही, मी. कंबरपट्टी, मी. खिसे..."

"तुम्हीच!" तिनं टाळीच वाजवली. "चौदा भाग आणि त्यातले नऊ तुमच्या नावावर. बाई गं!"

सर शाळेत संगणक शिकवायचे, ती घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवायची, आणि दोघांच्या मधोमध हा प्रोग्राम होता. माणसाची मापं घातली की तो कपड्याचा पॅटर्न आखून द्यायचा. कागदावर छापायचा, कापडावर ठेवायचा आणि कात्री चालवायची. तो कुठल्या कंपनीचा नव्हता. देशोदेशीची पाच-पन्नास माणसं आपापली पोटापाण्याची कामं सांभाळून तो बनवत, सुधारत आणि ज्याला हवा त्याला फुकट देत. सर त्यांतलेच एक. अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी ते या प्रोग्रामपुढे बसत होते, आणि अकरा वर्षं ती विचारत आली होती, "या लष्कराच्या भाकऱ्या अजून किती दिवस भाजणार आहात?"

आणि आज सकाळी ही यादी आली होती. कुठला भाग कोण बघतं याची एकदाची नीट नोंद करायची, असं मंडळींनी ठरवलं होतं. ज्याचं नाव ज्या भागापुढे आलं असेल, त्यानं संध्याकाळी सहापर्यंत स्वतः 'हो, मी बघतो' असं लिहायचं. दुसऱ्याच्या वतीनं हो म्हणायचं नाही. ज्या भागाला कुणीच हो म्हणणार नाही, तो पुढच्या आवृत्तीतून काढून टाकणार.

सर काही बोलायच्या आत तिनं भावाला फोन लावलासुद्धा.

"दादा, अरे, ह्यांचं नाव लागलंय! कुठे म्हणजे? जगात लागलंय, जगात!"

सरांनी खरं तर तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण बायको आपलं असं कौतुक करतेय आणि तेही मोठ्यानं, याची बिचाऱ्यांना सवय नव्हती. त्यांनी थोडा वेळ ते ऐकून घेतलं. त्यात एक गिऱ्हाईक बाई ब्लाउज न्यायला आल्या, त्यांनाही बातमी कळली. पाठोपाठ शेजारीण आली, तिलाही कळली. तेव्हा मात्र सर पुन्हा चष्मा पुसायला लागले.

कारण खरी गोष्ट अगदी वेगळी होती. सर जात्याच टापटिपीचे. वर्गात शिरले की आधी बाकं सरळ करणार, मग फळा. सात वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांना दिसलं की प्रोग्राममधल्या ओळी कुठे समासापासून दोन घरं सोडून सुरू होतात, कुठे चार, कुठे आठ. त्यांच्या डोळ्यांना ते खुपायला लागलं. बसल्या बैठकीला त्यांनी नऊ भागांतल्या सगळ्या ओळी एका रेषेत आणल्या. अक्षर एकही बदललं नाही. आता यादी करणाऱ्या बाईंनी काय केलं, तर प्रत्येक ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला, ते यंत्राला विचारलं आणि ज्याच्या ओळी जास्त, त्याचं नाव त्या भागापुढे लावलं. यंत्र बिचारं खरं तेच बोललं. बहुतेक ओळींना शेवटचा हात सरांचाच लागला होता.

पुढे नुसतं हो लिहायचं होतं, नऊ वेळा. कुणी तपासायला येणार नव्हतं. सरांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग उचललं.

"अगं, जरा बसतेस का?"

ती शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली. सरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. ती ऐकत राहिली.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "कपडे दुसऱ्यांनी शिवले आणि तुम्ही नुसती इस्त्री फिरवली."

"तीही एकदाच."

"आणि मी गावभर सांगत सुटले." तिचा चेहरा उतरला. "आता दादाला काय सांगू?"

ती वळली आणि मशीन चालवायला लागली. मशीनचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा येत होता. सरांना फार वाईट वाटलं. अकरा वर्षांत एकदा ती खूश झाली होती आणि तेही त्यांना टिकवता आलं नव्हतं.

पण नाव खोडून भागणार नव्हतं. नऊ जागा रिकाम्या राहिल्या तर नऊ भाग जाणार. खरी माणसं शोधायला हवी होती, आणि ती कोण हे सरांइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण आलेलं प्रत्येक पत्र वाचून जागच्या जागी लावून ठेवायची त्यांना खोड होती. ते पत्रं लिहायला बसले.

कॉलर नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका आजींची होती. त्यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: 'हो, मीच बघते. विचारायला बराच उशीर केलात.' कंबरपट्टी एक बसचालक बघायचा. त्यानं थांब्यावरूनच कळवलं. गळा एका परिचारिकेचा निघाला. एकेक उत्तर आलं की सर आपलं नाव खोडत आणि तिथे खरं नाव लिहीत.

मशीन थांबलं. ती हातात अर्धा सदरा घेऊन मागे येऊन उभी राहिली होती.

"खिसे कुणाचे?"

"दोघे भाऊ आहेत. चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही म्हणतायत, मीच बघतो."

"दोघांचीही लिहा. थोरल्याचं आधी." आणि थोडं थांबून, "बसचालक कंबरपट्टी बघतो? खरंच?"

"उत्तम बघतो. दिवसभर बसून काम करणाऱ्यांचं पोट त्याच्याइतकं कुणाला कळणार?"

ती हसली. मग तिनं फोन उचलला. सर कान देऊन ऐकायला लागले.

"दादा, मघाचं चुकलं रे. नऊ नाहीत. एकही नाही. अरे ऐक तर! त्यांनी स्वतःच सांगितलं. आणि आता ज्याचं काम त्याला शोधून काढतायत, जेवायलासुद्धा उठले नाहीत. दुसरा असता तर गुपचूप पचवलं असतं. हे ह्यांनाच जमायचं."

सरांनी मान खाली घातली आणि उगाचच एक पत्र पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

साडेपाच वाजले तेव्हा एकच भाग उरला होता: बाही. सरांना त्याची काळजी नव्हती. बाहीतले बदल रेल्वेतला एक सिग्नल इंजिनिअर करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याचं उत्तर आलं, पण ते लांबलचक होतं.

'सर, बाही माझी नाही. मी फक्त आकडे घालतो. सहा वर्षं तुमच्या पत्रात "घरून सांगितलंय" म्हणून जे येतं, तेच मी करतो. बाही जिथे जोडतात तो मुंढा पुढून मागच्यापेक्षा खोल घ्या. वय झालेल्यांचे खांदे पुढे झुकतात, त्यांची बाही पुढे फिरवून लावा. यातलं मला काय कळतंय? सदऱ्याचं बटण तुटलं तर मी सदरा बदलतो. आपल्या मंडळींत आता बाहीबद्दल काही अडलं की सगळे हेच विचारतात, सरांच्या घरून काय आलंय? त्या माणसाचं नाव लिहा. तो हो म्हणाला तर आकडे घालायला मी आहेच.'

सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. कुठलीही ओळ वाकडी दिसली की त्यांचा डोळा तिथे जायचा, आणि ही एवढी मोठी गोष्ट सहा वर्षं स्वतःच्या हातानं लिहूनही त्यांना दिसली नव्हती. त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्या रागापेक्षाही जास्त आनंद झाला. ते उठून पुढच्या खोलीत गेले. ती सदऱ्याला बाही जोडत होती.

"एक माणूस उरलाय," सर म्हणाले. "त्यानं स्वतः हो म्हणायला हवं."

"कुठला भाग?"

"बाही."

"मग विचारा की त्याला. सहा वाजत आलेत."

"तेच विचारतोय."

तिनं वर पाहिलं. सरांनी पत्र वाचून दाखवलं. 'सगळे हेच विचारतात' हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

हातातली बाही तिनं मांडीवर पसरली आणि तळहातानं सारखी केली.

"मला त्या प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नाही."

"त्याला बाहीतलं कळत नाही."

"झुकलेल्या खांद्यांचं केलं का त्यानं? मी सांगितलं होतं ते?"

"केलं. छान केलंय."

"आणि लहान मुलांच्या बाहीचं?"

"ते... राहिलंय बहुतेक."

"राहिलंय? दोन वर्षं झाली सांगून! पोरांना हात वर करता येत नाही त्या बाहीत." ती ताडकन उठली, मागच्या खोलीत गेली आणि सरांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली. "या, लिहा. आधी लिहा, हो. आणि त्याच्याखाली लिहा, लहान मुलांचा मुंढा या आठवड्यात दुरुस्त करून पाठव. झाला की आधी मला दाखव."

सरांची बोटं थांबली. "असंच लिहू? जरा मऊ शब्दांत..."

"असंच लिहा," ती म्हणाली. "बाही मी बघते."