बर्फाच्या समुद्रावरचा पेजेचा गंज

मी गंज बोलतोय, म्हणजे भात शिजवायचं पातेलं. भंडाऱ्याच्या पितळेचा, पोटात पायलीभर तांदूळ मावेल एवढा. आधीच सांगतो, माझं डोकं तापलेलं आहे. दोन वर्षं मला काचेत कोंडलं होतं!

माझ्या काठावर नाव कोरलंय: धुरपता. तिच्या लग्नात बापानं मला आंदणात दिलं. तिचा नवरा तुलाराम फौजेत स्वयंपाकी. १९८३ साली त्याला दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या संशोधन जहाजावर पाठवलं, तेव्हा धुरपतानं मलाच त्याच्या पेटीत कोंबलं. "तिकडच्या भांड्यात आपला भात होते का? याले घेऊन जा. पन सांभाळून आनजा, रुखमाच्या आंदनात हाच द्याचा आहे." रुखमा म्हणजे त्यांची लेक.

जहाजावरचं जेवण काय सांगू! डब्यातलं मांस, कडक पाव, उकडलेले बटाटे. तुलाराम माझ्यात भात शिजवायचा आणि आपल्या रीतीनं पेज गाळून घ्यायचा. गोडं पाणी तिथं मोजून मिळे, पेज सांडणं त्याला पाप वाटे. मीठ टाकून स्वतःच प्यायचा. शास्त्रज्ञ साहेब नाकं मुरडायचे, "अरे, हे तर गुरांचं खाणं!" हसायचे मेले!

मग वादळ आलं. ताटं भिंतीवर, बटाटे जमिनीवर. मला सुतळीनं शेगडीला बांधलेलं. सगळ्या साहेबांना बोट लागली, पोटात पाणीसुद्धा राहीना. तुलारामनं गरम पेज मगात भरून एकेकाच्या बिछान्यापाशी नेली. "घ्या साहेब, घोट घोट घ्या." तेवढीच टिकली. तीन दिवस अख्खं जहाज माझ्यावर जगलं. चौथ्या दिवशी तेच साहेब हातात मग घेऊन रांगेत उभे!

परतल्यावर आमच्या गावी, पवनीत, तुलारामचा सत्कार झाला. गावातल्या मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी म्हणाले, "तुलाराम, गंज दोन दिवस प्रदर्शनाले दे." भोळा माणूस, दिला. त्याला नारळ मिळाला, मला मंडळाच्या काचेच्या कपाटाचं कुलूप! बाईचं नाव बरं दिसत नाही म्हणून ते भिंतीकडे फिरवलं. आणि पोटात काय भरलं? कागदी फुलं! लाज कशी वाटली नाही?

तुलाराम मागायला आला की भैय्याजी म्हणत, "आता हा देशाचा आहे." तो मान खाली घालून परत जाई. मला त्याचाही राग यायचा.

यंदा रुखमाचं लग्न ठरलं. काल धुरपता स्वतः आली. "भैय्याजी, गंज काळा पडला. पाहुने का म्हनतीन? चिंच-राखेनं घासून आनतो." भैय्याजी खूश, त्यांनीच कुलूप काढलं. तिनं फुलं टेबलावर ओतली, मला कमरेवर घेतलं आणि थेट मांडवात आणलं.

आज मी चुलीवर आहे. वऱ्हाडाचा भात माझ्यात रटरटतोय, नाव सगळ्यांसमोर आहे. भैय्याजी मांडवाच्या दाराशी उभे राहून मला मागताहेत. धुरपता पदर खोचून म्हणते, "गंज रुखमाचा आहे. पेज पाह्यजे तं बसा."

या भैय्याजी, बसा. आणि मला न्यायचंच असेल, तर फडक्याशिवाय उचलून दाखवा.