मशीन बंद ठेवून लदीन

“मशीन कोणी बंद केल्यान?” मी चपला न काढताच आत शिरले.

लदीन, म्हणजे संतांच्या नावांची प्रार्थना, गाणारे थांबले. खोलीत वीस माणसं, खिडक्या बंद, क्रुसाच्या आल्तारावर मेणबत्त्या, वर कोणा शहाण्याने धूपही जाळलेला. मधोमध डॉमिंगो अंकल, ओठ जांभळे, खांदे वरखाली. दोन वर्षं मी या घरी नर्स म्हणून येते. फुफ्फुसं आता सुधारायची नाहीत. उरलेला श्वास त्यांना जरा सुखाने घेता यावा, एवढंच आमचं काम. त्यासाठी ऑक्सिजनचं मशीन, तोंडासमोर पंखा, उघडी खिडकी. तिन्ही बंद!

“सिस्टर, पाच मिनटां,” पुतण्या रोनी म्हणाला. “मशीनीची घरघर मधीच येता. आणि पंख्यान मेणबत्त्यो विझतत.”

“मेणबत्त्यो विझतत म्हणान माणूस विझवतास?”

मेणबत्त्या मीच विझवल्या. ऑक्सिजनजवळ ज्योत नको, हे सांगून माझी जीभ झिजली होती. मशीनवर लदीननंतर वाटायच्या उकडलेल्या चण्यांचं ताट! शी! शिसारी आली मला. ताट रोनीच्या हातात कोंबून, अंकलच्या बायकोला, कार्मेलिना आंटीला, सोडून बाकी सगळ्यांना ओसरीवर हाकललं. तिथे लगेच चणे चघळणं सुरू झालं.

“सुटलो तर बरो, बिचारो,” रोनी कुणालातरी म्हणाला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

अंकलना उशीवर पुढे झुकवून बसवलं, नाकात नळी लावली, पंखा सुरू केला. हळूहळू ओठांवर रंग आला.

“आंटी, तुमी पण गप बसलास?”

कार्मेलिना आंटीने डोळे पुसले. “अनुजा, तेणीच सांगल्यान बंद कर म्हणान. चाळीस वर्षां लदीन तोच गायता गो. मशीनीच्या आवाजात आपलो आवाज आयकाक येणा नाय, म्हणालो.”

आता किळस आली ती माझीच. दोन वर्षं यांचे श्वास मोजले, पण ते कशाला हवेत हे एकदाही विचारलं नाही. लांब नळी माझ्या पिशवीत तीन महिने पडून होती. ती जोडली, मशीन स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं.

“रोनी, चणे ठेव खाली. गावा आता.”

ओसरीवरून एकेका संताचं नाव येऊ लागलं. प्रत्येक नावापाठी ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी प्रार्थना कर, असं म्हणायचं असतं. अंकलनी डोळे मिटले, गुडघ्यावर बोटाने ठेका धरला.

“ओरा...” एवढाच श्वास पुरायचा.

पुढचं आंटी म्हणत होत्या.