हरिचंद्र मढवींचा शेवटचा कागद

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये माझं टायपिंगचं दुकान आहे. शेजारी जीन्सच्या बटणांचा होलसेलवाला, समोर पापड विकणारे सिंधी साईं, आणि या दोघांच्या गलक्यात बसून मी गेली सोळा वर्षं लोकांचे अर्ज, लग्नपत्रिका, प्रबंध आणि अधूनमधून एखादं पुस्तक टाइप करत आले आहे. कागद कसलाही असो, मी तो आधी मोठ्याने वाचते. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत बापडी. ही सवय मला माझ्या आज्याने, देऊने लावली, आणि त्याने ती ज्या माणसाकडून उचलली त्याच्यामुळेच मला हे सगळं सांगावं लागतंय.

आमची वाडी बारवीच्या डोंगरात. जंगलाचे ठेकेदार तिथे कागद घेऊन यायचे, तोंडाने एक वाचायचे, कागदावर भलतंच असायचं, आणि खाली अंगठा उठला की माणूस वर्षभरासाठी बांधला जायचा. स्वातंत्र्यानंतर कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली तेव्हा अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात संप घडवून फरार झालेले कॉम्रेड हरिचंद्र मढवी आमच्या झोपडीत चार महिने लपून राहिले. गिरण्यांच्या पहिल्या संपांपासूनचे ते लाल बावट्याचे कार्यकर्ते, पण हाडाचे लेखक. कारखान्यातली रद्द झालेली लेबलं गोळा करून त्यांच्या कोऱ्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने गोष्टी लिहायचे. त्यांनी देऊला अक्षरं शिकवली आणि वाडीला एक नियम घालून दिला, की कागद आपल्याच माणसाने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, मगच अंगठा द्यायचा. तो नियम आमच्या वाडीत अजून पाळतात, अगदी मोबाइलचं सिमकार्ड घेतानासुद्धा.

पुढे हरिचंद्र पकडले गेले. या माणसाने आम्हाला जाळपोळीला चिथावलं, अशा जबानीवर अंगठा दे म्हणून पोलीस देऊच्या मागे लागले. "आदी वाचून दाखवा," तो म्हणाला. वाचून झाल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली, आणि त्यांनी त्याचा उजवा अंगठा मोडला. तो पुढे वाकडाच बसला. त्याच वाकड्या अंगठ्यात पेन्सिल धरून आज्याने मला पाटीवर गिरवायला शिकवलं, आणि मरेपर्यंत तो एकच गोष्ट अभिमानाने सांगत राहिला: "म्या आंगठा दिला नाय, नि हरिचंद्रांनी माफीवर सही केली नाय. दोघंबी सारके."

त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत हरिचंद्रांचे नातू धर्मेश मढवी एक जुनी ट्रंक घेऊन माझ्या दुकानात आले, तेव्हा मला घरचंच कोणी आल्यासारखं वाटलं. शिरगावात त्यांचा विटा-सिमेंटचा व्यवसाय आहे. ट्रंकेत लेबलांचे गठ्ठे होते, वर वाघाचं नाहीतर जहाजाचं चित्र आणि मागे ती बारीक निळी अक्षरं. त्यातून 'निवडक हरिचंद्र मढवी' असं पुस्तक करायचं होतं. सगळ्यांत खाली एक वेगळा, रेघांचा, शाईने लिहिलेला कागद होता.

"हा लास्टला टाका, ताई," ते म्हणाले. "खरं तर ह्याच्यावरच सगळं अडलंय. शिरगावच्या चौकाला आजोबांचं नाव द्यायचं चाललंय. समितीवाले बोलतात, शेवटी माणूस सुधारला हे लोकांना दिसलं पाहिजे."

तो तुरुंगातून लिहिलेला माफीनामा होता. 'मी केलेल्या लिखाणाचा व चळवळीचा मला मनापासून पश्चात्ताप होत असून यापुढे मी लेखणी हाती धरणार नाही. सरकारने उदार मनाने क्षमा करावी.' खाली सही. मी ती सही लेबलांवरच्या सह्यांशी ताडून पाहिली, भिंग लावून पाहिली, 'रि'ची वेलांटी मोजून पाहिली, आणि ती खोटी ठरवायला मला एकही जागा सापडली नाही. मला संताप आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. हरिचंद्रांनी सही केली असेल, तर माझ्या आज्याचा अंगठा कशासाठी मोडला?

तो कागद मी शेवटपर्यंत बाजूला ठेवला. माझी टायपिंगची पद्धत आता बदलली आहे. मी मूळ मजकूर मोठ्याने वाचते, फोन ऐकून टाइप करतो, आणि मी मागाहून चुका सुधारते. सहा आठवड्यांत दोनशे पानं अशीच झाली. मग एका दुपारी, जेवणानंतर, मी मन घट्ट करून माफीनामा वाचला. मी स्वतःच्या कानांनी तो जसाच्या तसा ऐकला. पण फोनच्या पडद्यावर उमटलं होतं: 'पश्चात्ताप होतो का, असं मला विचारलं. होतो. जे लिहायचं राहिलं त्याचा.'

फोन चुका करतो, त्याच्या चुका सुधारण्यातच माझा निम्मा दिवस जातो. पण चुकताना तो इतकी सरळ वाक्यं कधी जुळवत नाही. मी ती ओळ पुसली आणि माफीनामा पुन्हा वाचला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. या वेळी पडद्यावर पहिली ओळ आली नाही. तिच्या पुढची आली: 'पेन दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. इथे पेन्सिलसुद्धा मिळत नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाबाई आल्या. त्या विठ्ठलवाडीला राहतात, पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, आणि माझी प्रुफं तपासतात. आमची तपासणी जुन्या पद्धतीची आहे. एकीने मूळ वाचायचं, दुसरीने छापील पानावर बोट ठेवून ऐकायचं. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. माफीनामा हाताने टाइप करून ते पान पुढ्यात घेतलं आणि मूळ कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली:

"लिहिलेली वाक्यं परत घ्या म्हणता. ती आता माझ्याकडे नाहीत. काड्या भरणाऱ्या बायांनी ती घरी नेली आहेत. घरोघर जाऊन मागून बघा, कोणी देतंय का."

माझं बोट पानावर जिथल्या तिथे थांबलं. "कमळाबाई, असं लिहिलंय?"

"डोळे गेलेत की काय तुझे?" त्या तडकल्या. "आहे तेच वाचतेय. मेल्याने शेवटी माफी मागितलीच." आणि त्यांनी कागद टेबलावर आपटला. त्या खरोखर हिरमुसल्या होत्या. आपण काय उच्चारलं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

मला भीती वाटायला हवी होती, हे मलाही कळतं. पण मनात अशा काही उकळ्या फुटत होत्या की त्या दिवशी मी साईंकडून उगाचच दोन किलो पापड घेतले. मी एक वही केली आणि तिच्यात ही वाक्यं ओळीने उतरवली. फोनमधली, कमळाबाईंची, नंतर मुद्दाम वाचून घेतलेली आणखी चार जणांची. प्रत्येक जण कागदावरचंच वाचतोय असं समजत होता, आणि प्रत्येकाचं वाक्य आधीच्या माणसाने सोडलं तिथून पुढे सुरू होत होतं. आधीच्याने काय म्हटलं ते माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये धर्मेशभाऊ पुस्तक कुठवर आलं ते बघायला आले. मी म्हटलं, सगळं तयार आहे, फक्त शेवटचं पान तुम्ही स्वतः वाचून दाखवा, आमच्या दुकानाचा तसा नियमच आहे. कमळाबाई तिथेच होत्या. मी फोनवर आवाज टिपायला सुरुवात केली. धर्मेशभाऊंनी घड्याळ बघितलं आणि उभ्याउभ्याच वाचलं:

"माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याच्यासाठी मी काही ठेवलेलं नाही. पण त्याने मान खाली घालावी, असंही काही ठेवलेलं नाही."

"झालं?" ते कागदाची घडी घालत म्हणाले. "करा आता फायनल."

कमळाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मी फोन टेबलावर ठेवला आणि धर्मेशभाऊंचा आवाज त्यांनाच ऐकवला. ते खाली बसले. बाहेर बटणांची पोती उतरत होती, त्याचा आवाज तेवढा येत होता. ते पाच वर्षांचं पोर म्हणजे धर्मेशभाऊंचे वडील, दोन वर्षांपूर्वी वारलेले.

"ही एआयची करामत आहे," शेवटी ते म्हणाले. "माझ्या आवाजाची कॉपी मारलीत तुम्ही. आजकाल कोण पण करतं."

"माझा फोन तेवढा हुशार असता, तर मी कॅम्प दोनमध्ये बसले असते का?" मी म्हटलं. त्यांना ते मुळीच रुचलं नाही. ट्रंक उचलून ते निघून गेले.

चार दिवसांनी ते परत आले ते एक टाइप केलेला कागद घेऊन. त्यावर दोनच ओळी होत्या. मी मूळ मजकुरात फेरफार करून मढवी कुटुंबाची बदनामी केली, त्याबद्दल बिनशर्त माफी मागते, आणि माफीनामा अस्सल असल्याची ग्वाही देते. खाली माझं पूर्ण नाव आणि सहीसाठी रेघ.

"सही करा, विषय संपला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दमदाटी नव्हती, थकवा होता. "नाहीतर मला पोलिसात जावं लागेल. समजून घ्या, ताई. माझ्या बापाने आख्खी जिंदगी लाल बावटेवाल्याचा पोरगा म्हणून बोलणी खाल्ली. तो चौक आजोबांच्या नावाचा असला, तरी माझ्यासाठी बापाच्या नावाचा आहे."

कमळाबाई कोपऱ्यात प्रुफं चाळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

खोटं कशाला सांगू, मला सही करावीशी वाटली. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, दुकान एकटीच्या जिवावर चालतं, आणि पोलीस चौकीच्या बाकावर बसण्याची हौस मला नाही. शिवाय समोर बसलेला माणूस वाईट नव्हता. दोन ओळींनी काय बिघडतंय, असं मनात आलं, आणि ते येताच पहिल्यांदा मला वाटलं की हरिचंद्रांनीही सही केली असेल, अगदी अशाच एखाद्या दुपारी, समोरच्या माणसाची दया येऊन. मला त्यांचा राग आला नाही. मी पेन मागितलं, धर्मेशभाऊंनी ते पुढे केलं.

"वाचते आधी," मी म्हटलं आणि उभी राहिले.

मी वाचलं. एकही शब्द गाळला नाही. माझा आवाज मला नीट ऐकू येत होता, थोडा बसलेला, 'बिनशर्त'वर किंचित अडखळलेला, आणि 'माफी मागते' म्हणताना लाजेने माझे कान तापले. माझं नाव वाचून मी थांबले, कागद टेबलावर ठेवला आणि पेनासाठी हात पुढे केला.

पेन मिळालं नाही. धर्मेशभाऊंनी ते मागे घेतलं होतं, आणि दुसऱ्या हाताने माझ्यासमोरचा तो कागद ते हळूहळू स्वतःकडे ओढत होते, त्याची बारीक घडी घालत होते. कमळाबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. समोरचे साईं, ज्यांना सोळा वर्षांत चार वाक्यांपलीकडे मराठी आलेलं नाही, गल्ला उघडा टाकून रस्ता ओलांडून माझ्या दारात आले होते, आणि त्यांच्या मागे बटणांची पोती खांद्यावर तशीच ठेवून दोन हमाल उभे होते.

"झालं वाचून," मी म्हणाले. निदान म्हणाले असं मला वाटतं, कारण कोणी हललं नाही. मग मी ओठ मिटले. दातांवर दात घट्ट दाबून धरले. आणि ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत, मला ऐकू न येणारी पुढची वाक्यं अजून ऐकत होते.