मुखवट्याखालचे पाय

"नाच की रे, लाजतो काय नव्या नवरीवानी?" कारभारी अण्णांनी राधेश्यामच्या पाठीत थाप मारली. "मॅडम पुण्याहून आल्यात तुझ्यासाठी. सिनेमा करून राह्यल्या त्या!"

ओट्यावर बसलेल्या मधुवंती मॅडमच्या मोबाइलवर चैत्रातल्या यात्रेचं चित्रण चालू होतं. रेणुकामातेचं सोंग संबळाच्या तालावर असं घुमत होतं, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

"असंच," मॅडम म्हणाल्या. "फक्त मुखवट्याशिवाय. माझ्या सिनेमात चेहरा दिसायला हवा."

चहाचा ट्रे घेऊन आकांक्षा दारातच थबकली. मोबाइलमधले ते पाय तिचे होते, आणि हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. ती आणि तिचा भाऊ राधेश्याम.

देवीच्या सोंगाचा मान तीन पिढ्या त्यांच्या घराकडे होता. नऊ दिवस अनवाणी राहायचं, एकभुक्त राहायचं. पहाटे मुखवटा चढला की त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. सख्खी आईसुद्धा पाया पडते. वडिलांमागे मान राधेश्यामकडे आला. दोन वर्षांपूर्वी यात्रेच्या आदल्या दिवशी हसनाबादच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली आणि गुडघा कामातून गेला. मान मोडला तर आई खचेल, म्हणून त्यानं बहिणीपुढे हात जोडले. लहानपणापासून ती त्याच्या मागं मागं तीच पावलं टाकत आली होती. सोंगाच्या खोलीत त्यानं स्वतःच्या हातानं तिला मुखवटा बांधला.

गावानं पाहिलं ते असं : लंगडत खोलीत गेलेला राधेश्याम देवी होऊन ताठ नाचला, आणि मुखवटा उतरताच पुन्हा लंगडत बाहेर आला. साक्षात चमत्कार! दुसऱ्या वर्षी थेट घनसावंगीहून जीपा भरभरून माणसं आली. त्या वर्षी आकांक्षानं नऊ दिवसांचा नेमही गुपचूप पाळला. कॉलेजला जाताना चपला पिशवीत.

"मुखवट्याबिगर न्हाई जमत, मॅडम," राधेश्याम खाली मान घालून म्हणाला. "देवी आली तरच पाय चालतो."

"हां, ते बराबर हाये," अण्णांनी मान डोलावली.

मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "हरकत नाही. निघते मग."

आकांक्षाला कळेना काय करावं. बोलावं, तर चमत्कार गेला, मान गेला. समोर तुळशीपाशी वाती वळत बसलेल्या आईचा, पुष्पाबाईंचा, विश्वास गेला. न बोलावं, तर ही गाडी आली तशी निघून जाणार आणि आपले पाय जन्मभर दुसऱ्याच्या नावानं नाचणार.

राधेश्यामनं एकवार तिच्याकडे पाहिलं. मग पाय ओढत तो न्हाणीपाशी गेला, रिकामा पाण्याचा ड्रम उपडा केला आणि त्यावर बोटं टाकली. धिन् तक, धिन् तक.

"आकांक्षा, च्या ठिव खाली."

"दादा, अरे..."

"ठिव म्हन्तो ना! जल्दी!"

तिनं ट्रे ठेवला, ओढणी कमरेला खोचली. पहिल्या गिरकीला पाय अडखळला. दुसरीला अंगण फिरलं, तुळस फिरली, अण्णांचा उघडा पडलेला जबडा फिरला. मुखवट्याच्या दोन भोकांतून ज्या जगाकडे ती पाहत आली होती, ते आज अख्खं समोर होतं. वारा गालाला लागत होता!

ती थांबली तेव्हा मॅडम उभ्या होत्या. "नाव काय तुझं?"

कारभारी अण्णांचा आवाज मधेच फुटला. "म्हंजे दोन वर्षं आम्हाला फसवून राह्यले का तुम्ही? बाईमाणसानं मुखवटा घातला?"

"देवी काय बाप्या व्हती का, कारभारी?" पुष्पाबाईंनी वातीवरची नजर काढली नव्हती. "मी दोन्ही वर्षं पाया पडले. डाव्या पायाचा आंगठा भायेर झुकेल. ह्या पोटातून आलेले पाय मी वळखनार न्हाई का?"

"आई, तुला माहीत व्हतं?" आकांक्षानं विचारलं.

"नऊ दिवस अनवानी हिंडत व्हती ना तू. नेम पाळणाऱ्याला कोण काय बोलनार?"

पण गाव बोललं. बैठक बसली आणि मान गावातल्याच साहेबरावांच्या घराकडे गेला. पुष्पाबाईंनी मुखवटा मऊ धडप्यानं पुसला, त्याची खणानारळानं ओटी भरली आणि स्वतः नेऊन दिला. वाद नाही, रडणं नाही. मुखवटा टांगायचा भिंतीवरचा खिळा मात्र तसाच राहू दिला. रोज पूजा झाली की एक जास्वंद त्यावर खोचायच्या.

मॅडमनी आकांक्षाला सिनेमात घेतलं, पण पुण्याच्या तालमीत पहिल्या आठवड्यात तिला घरी पळून यावंसं वाटलं. "न्हाई" म्हटलं की मुलं हसायची. कॅमेऱ्यापुढे नुसतं वळून बघायला तिला सतरा वेळा वळावं लागलं. पण चालायची वेळ आली की सगळे हातातलं सोडून बघत राहत.

सिनेमा लागेपर्यंत गावाचा राग निवळला होता. त्या शुक्रवारी गावातून चार जीपा जालन्याला निघाल्या. मावेनात तेवढी माणसं टपावर!

"पुढची जागा माझी," अण्णांनी बजावलं. "चमत्कार पयल्यांदा मी पाह्यल्ता."

"अन् फसले बी पयले तुम्हीच!" राधेश्याम म्हणाला. जीप खदखदली.

थेटरात अंधार झाला. आकांक्षानं आईचा हात घट्ट धरला.

पडद्यावर आधी पायच आले. अनवाणी, काळ्या मातीतून धावत. चेहरा अजून यायचा होता.

"आकांक्षा!" पुढच्या रांगेत कारभारी अण्णा उठून ओरडले. मग सगळं थेटर तेच नाव घेऊ लागलं. "आकांक्षा! आकांक्षा!" कुणी शिट्टी मारली, कुणी फेटा उडवला. मुखवट्याखाली असताना हे नाव एकदाही तिच्या कानावर पडलं नव्हतं. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

शेजारी काहीतरी हललं म्हणून तिनं पाहिलं. पुष्पाबाईंनी चपला काढून खुर्चीखाली सारल्या होत्या. पडद्यावरच्या पायांकडे बघत त्यांनी हात जोडले होते.