रस्त्यावरच्या माणसाचा विमा

माझ्या घोवाचा पाय मराठीपायी गेला की म्हशीपायी, यावर पणजीच्या कोर्टात अख्खी सकाळ वाद झाला. हसू नका. हसणारे तिथं पुष्कळ होते, आणखी नकोत.

मी कमलाक्षी. राहते पाळीला, खाणींच्या मधोमध. माहेर कोरगावचं, काजूच्या भाटांतलं, बागांतलं, तिथं निदान धुतलेलं लुगडं वाळेपर्यंत पांढरं तरी राहायचं. घोवाचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव शंभू. थोडी शेती, दोन म्हशी, आणि देवळात भजन सुरू झालं की पहिला आवाज त्याचा. आमच्याकडं भांडण कोकणीतून आणि आरती मराठीतून, असंच पिढ्यान् पिढ्या चाललेलं. त्यावरून कुणी मोर्चे काढील असं मला स्वप्नात वाटलं नव्हतं. पण ते वर्षच तसलं. गोव्याची राजभाषा कोणती, यावरून सख्खे शेजारी एकमेकांच्या दारात जाईनात. शंभू तर जेवतानाही तेच बोलायचा आणि ताटातली पेज निवून जायची.

गावात कृष्णनाथ म्हणून एक. खाणीवर त्याचे ट्रक चालतात, म्हणून सगळे त्याला पात्राव म्हणतात, म्हणजे मालक. म्हापशाला मराठीची सभा ठरली तेव्हा पात्रावानं एक ट्रक धुऊन काढला, झेंडे लावले आणि सांगितलं, चला, फुकट नेतो. ड्रायव्हर धोंडिबा, बेळगावकडचा. तो म्हणाला, "पात्राव, मालाच्या गाडीत माणसं घालू नयेत. पोलीस धरतील." पात्राव म्हणाला, "मराठीसाठी चाललोय, कोण धरतो बघूया." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा घोव सगळ्यांत मागे, ट्रकच्या उघडत्या फाळक्याला टेकून, हातात झेंडा घेऊन उभा राहिला.

अस्नोड्याच्या वळणावर फाळका उघडला. शंभू खाली पडला आणि त्याच वेळी धोंडिबानं गाडी जरा मागे घेतली, समोरून बस आली म्हणून. चाक पायावरून गेलं. पात्रावानं पहिलं काम काय केलं, तर सगळ्यांना ट्रकातून उतरवून वाटेला लावलं. पोलीस आले तेव्हा रस्त्यावर एक रिकामा ट्रक आणि रक्तात पडलेला माझा माणूस, एवढंच होतं. पंचनाम्यात लिहिलं, पाय मागच्या चाकाखाली सापडला. तो कुठून आला होता ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

गुडघ्याखाली पाय काढला. शंभू घरी आला आणि महिन्याभरात पात्रावानं देवळासमोरच्या मांडवात सत्कार ठेवला. शाल, नारळ, फुलांचा हार. पात्राव बोलला, "शंभूनं मायमराठीला आपला पाय दिला." बायका डोळे पुसत होत्या. शंभू कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसला होता, तुटका पाय धोतराखाली लपवून, आणि इतका ताठ बसला होता की लग्नातही मी त्याला तसा बघितला नव्हता. मला वाटलं, असो. पाय तर गेलाच, मान तरी मिळाला.

मानावर चूल पेटत नाही. शेतात उतरायला माणूस नाही, म्हशींतली एक विकली, मी खाणीवर टोपल्या उचलायला जाऊ लागले. तेव्हा सगुणबाब आला. विम्याची कामं करणारा, डिचोलीचा. पात्रावानंच त्याला पाठवलेला. ओसरीवर बसून त्यानं मला सगळं उलगडून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, खोटं कशाला बोलू.

"वैनी, गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारला तीन गोष्टी लागतात. ड्रायव्हरचं लायसन, गाडीचं परमिट आणि विमा. धोंडिबाचं लायसन अवजड गाडीचं आहे, मुदतीत आहे. परमिट आहे. विमाही आहे. फक्त तो कायद्यापुरता आहे."

"कायद्यापुरता म्हणजे?"

"म्हणजे सरकार सक्ती करतं तेवढाच. त्यात रस्त्यावरच्या माणसाला लागलं तर कंपनी भरते. ट्रकवर कामाला असलेल्या हमालाला लागलं तरी भरते. पण मालाच्या गाडीत फुकट बसलेला माणूस, त्याचा विमा नाही. पात्रावानं जास्त भरून पुरा विमा घेतला असता, तरी त्यानं पात्रावाचा ट्रक दुरुस्त झाला असता. वर बसलेल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता."

"मग हमाल होता म्हणून सांगूया."

"त्या दिवशी माल कुठं होता, वैनी? झेंडे होते."

मी म्हटलं, "म्हणजे दारू पिऊन झिंगत ट्रकपुढे आलेल्याला तुमची कंपनी पैसे देणार, आणि हात धरून वर चढवलेल्या माझ्या घोवाला नाही?"

"होय," सगुणबाब म्हणाला. वाईट त्यालाही वाटत होतं.

"शिरा पडो तुमच्या विम्यावर!"

तो रागावला नाही. खाली बघत म्हणाला, "पात्रावाचं म्हणणं असं की शंभूनं रस्त्यावरून चालत होतो म्हणून सांगावं. पंचनामा आड येत नाही. साक्षीदार तो देतो. कंपनीचे पैसे, कुणाच्या घरचे नव्हेत." आणि पात्रावावर काही येणार नाही, हे तो बोलला नाही, पण मी काय कुक्कुलं बाळ आहे?

मला ते पटलं. होय, पटलं! मला चार लोकांच्या टाळ्या नको होत्या, मला शंभूला लाकडी पाय हवा होता आणि खाणीवरच्या मुकादमाचं तोंड बघायचं नव्हतं. मी शंभूला शिकवायला बसले.

"अस्नोड्याला कशाला गेला होता?"

"म्हापशाच्या सभेला."

"देवा रे! सभा नाही. म्हस बघायला गेला होता. विकत घ्यायला. रस्त्याच्या कडेनं चालत होता आणि मागून ट्रक आला."

"अस्नोड्याला कसली म्हस, कमळे? तिथं कोण म्हशी विकतो?"

"वकिलाला काय ठाऊक!"

तो पुन्हा पाठ करायचा, एखादं न आवडणारं औषध गिळावं तसं.

दावा लावला, त्याची तारीख लागेपर्यंत कोकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं, फटाके वाजून गेले. पणजीला निघायच्या सकाळी शंभूनं सत्काराची शाल काढली. मी म्हटलं, "उकाड्यानं जीव चाललाय, शाल कशाला?" तो म्हणाला, "कोर्टात मोठी माणसं असतात. पाय झाकायला बरी." धड कापड असं घरात ते एकच होतं. मी जाऊ दिलं.

कोर्टात विचारलं, कोणत्या भाषेत सांगणार. शंभूनं मान वर करून म्हटलं, "मराठीतून." मग शिकवलेलं सगळं बरोबर बोलला. म्हस, रस्त्याची कड, मागून आलेला ट्रक. माझा जीव भांड्यात पडला. कंपनीचा वकील पोरगेलासा, गोड बोलणारा. उठला आणि सहज म्हणाला, "शंभूबाब, शाल सुंदर आहे. एवढ्या उकाड्यात?"

"सत्काराची आहे," शंभू म्हणाला.

मी मागच्या बाकावरून मान हलवली. नको, नको.

"कसला सत्कार?"

शंभूनं माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, चुकून नव्हे. मग वकिलाकडं वळून म्हणाला, "मराठीसाठी पाय दिला, त्याचा."

"म्हणजे म्हशीसाठी नाही दिला?"

लोक हसले. काळा कोट घातलेले, फायली घेऊन बसलेले, सगळे. आणि माझ्या घोवानं, त्या हसण्यावर आवाज चढवून, सगळं सांगून टाकलं. ट्रक, झेंडे, फाळका, मांडव, हार, पात्रावाचं भाषण. देवळात अभंग म्हणावा तसं, एक शब्द न गाळता.

मी उठून ओरडले, "पण चाक गेलं तेव्हा तो रस्त्यावरच होता की! ट्रकात असताना नाही लागलं, खाली पडल्यावर लागलं!"

न्यायाधीश म्हणाले, बाई, खाली बसा. वकील माझ्याकडं वळून हसला आणि म्हणाला, "प्रवासी पडला म्हणून पादचारी होत नाही." कायदा त्याच्या बाजूनं होता. कंपनी सुटली.

आता भरायचं ते मालकानं, असं झालं. मग पुढच्या तारखेला पात्राव साक्षीला उभा राहिला. तोच पात्राव. म्हणाला, "माझे ट्रक माल वाहायला आहेत. मी कुणाला बसवलं नाही. ड्रायव्हरनं परस्पर लोकांना घेतलं, हा मनुष्य आपल्या मर्जीनं चढला." धोंडिबानं खाली मान घालून होय म्हटलं. त्याची बायकापोरं पात्रावाच्या खोलीत राहतात, तो दुसरं काय म्हणणार? आणि शाल? "गावातला गरीब माणूस. दया आली म्हणून घातली," पात्राव म्हणाला. निकाल तरी त्याच्या विरुद्ध गेला. पण तो वरच्या कोर्टात गेला, आणि तिथं आमचं भांडण अजून पडून आहे.

शंभूची साक्ष झाली त्या दिवशी बसमधून परतताना मी शंभूला सोडलं नाही. "एक म्हस सांभाळता आली नाही तुम्हाला? एक खोटी म्हस?"

तो बाहेर बघतच म्हणाला, "पैसे मिळाले असते. पण पाय म्हशीपायी गेला असता."

मला तेव्हा त्याचा इतका राग आला की मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

परवा पात्राव आमच्या ओसरीवर आला. निवडणुका जवळ आल्यात. म्हणाला, "म्हापशाला पुन्हा सभा आहे, मराठीला हक्क मिळालाच पाहिजे. शंभूला स्टेजवर बसवायचा आहे. कोर्टाचं कोर्टात, शंभू, तू मनात धरू नको." मला जे जे तोंडाला आलं ते सगळं मी त्याला ऐकवलं. दयेनं शाल घालणारा मेला! तुझ्या ट्रकाला आग लागो! शेजारीपाजारी जमले. पात्राव निघून गेला. शंभूनं त्याला थांबवलं नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, डोळे उघडले.

रविवारी सकाळी मी झरीवरून पाणी घेऊन येत होते. देवळासमोर ट्रक उभा. धुतलेला, झेंडे लावलेला. बायका वर चढत होत्या, माणसं त्यांना हात देत होती. आणि फाळक्यापाशी, कुणीतरी आणलेल्या कदेलावर, कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन, शाल पांघरून, माझा घोव.

मी घागर खाली ठेवली आणि ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. धोंडिबानं भोंगा वाजवला. मग डोकं बाहेर काढलं. "वैनी, बाजूला व्हा की."

"धोंडिबा, विमा आहे ना रे गाडीचा? कायद्यापुरता?"

"आहे की."

"मग चालव. वर बसलेत त्यांचा विमा नाही. रस्त्यावरच्या माणसाचा आहे. मी रस्त्यावर आहे. चालव!"

त्यानं इंजिन बंद केलं. ट्रकात कुणी हसलं नाही. एक म्हातारी खाली उतरली, बाकी कुणी नाही. वरून शंभू म्हणाला, "कमळे, तमाशा करू नको. घरी जा."

"तुम्ही उतरा, मग जाते. त्यानं कोर्टात तुम्हाला ओळखसुद्धा दाखवली नाही, आणि त्याच्याच ट्रकात, त्याच फाळक्यापाशी? लाज नाही?"

"लाज आहे," तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं. "पण मी आज गेलो नाही, तर मग तो पाय कशासाठी गेला? तू सांग."

मी गोव्यातल्या कुठल्याही माणसाला तोंड देईन. पात्रावाला दिलं, वकिलाला दिलं. पण याला नाही. मी रस्ता सोडला नाही, एवढंच.

धोंडिबानं इंजिन सुरू केलं आणि माझ्या अंगावर न येता गाडी मागे घेतली. मागे घेताना फाळका हलला, तो दोरीनं बांधलेला होता. देवळाला वळसा घालून ट्रक खालच्या वाटेनं रस्त्याला लागला. धूळ बसायच्या आतच घोषणा सुरू झाली, आणि पहिला आवाज माझ्या घोवाचा होता.