फ्लू समितीचे अध्यक्ष

मुरुडच्या अलीकडच्या वाडीत स्वाइन फ्लूने घरटी एक माणूस आडवा केला, तेव्हा आरोग्य केंद्राच्या डॉक्टर जयमाला वाडीच्या बुद्धविहारात येऊन बोलल्या.

"लहानपणी जो फ्लू पहिल्यांदा होतो, त्याला शरीर जन्मभर ओळखून असतं. पुढे त्याच्या भावकीतला आला की लवकर सावध होतं. सत्तावन्न सालापर्यंत याच्याच भावकीतला फ्लू फिरत होता, म्हणून त्याआधी जन्मलेल्यांना हा ताप थोडा कमी छळतो. थोडाच हं! लस त्यांनीही घ्यायची."

'थोडा' आणि 'लस' हे शब्द विहाराबाहेर आलेच नाहीत. म्हाताऱ्यांना काही होत नाही, असं सकाळपर्यंत वाडीने ठरवून टाकलं.

एसटी डेपोतून निवृत्त झालेले महिपतराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. निवृत्तीनंतर त्यांना कुणी साधं मतही विचारलं नव्हतं. आज सरपंच भागोजी हार घेऊन दारात आले.

"फ्लू समितीचे अध्यक्ष तुम्हीच. तुमच्या अंगात ते हाय, आमच्यात न्हाय."

महिपतरावांनी मान लववली. विनयाने कमी, हार नीट पडावा म्हणून जास्त. त्यांच्या बायकोला, इंदूबाईंनाही समितीत ओढायचं चाललं होतं.

"माझा जन्म अठ्ठावन्नचा," असं आतूनच सांगून त्यांनी कुकर लावला.

अध्यक्षांचा कारभार लगेच सुरू झाला. आजाऱ्यांच्या उशाशी बसणं, त्यांची औषधं आणणं, मासळीबाजार, दळण, आगरदांड्याचं मयत, सगळीकडे महिपतराव. पन्नाशीला टेकलेला मुलगा अजित खिडकीतूनच पिशवी पुढे करी. "बाबा, तुम्हाला काय भीती!" महिपतरावांचे पाय भरून येत, पण कुणी 'अध्यक्षसाहेब' म्हटलं की ते आणखी एक फेरी मारत. रोग्यांना ते स्वतःच्या बालपणच्या तापाची गोष्ट सांगत. काही रोगी ती टाळण्यासाठीच लवकर उठून बसले.

स्वाइन फ्लू ओसरला आणि महिपतरावांना हुडहुडी भरली. वाडी चांगलीच दुखावली.

"अध्यक्षानेच असं करावं?" भागोजी कुंपणापलीकडून म्हणाले.

जयमालाबाईंनी नमुना तपासून घेतला. "हा दुसऱ्या कुळातला फ्लू आहे. महिपतरावांच्या शरीराची याच्याशी लहानपणची ओळख नाही. अजितच्या वयाच्या लोकांची असते. त्यांना हा जरा कमी त्रास देईल."

महिपतरावांनी गोधडीतून तोंड बाहेर काढलं. "अजित, ऐकलंस?"

"बाबा," दोन मास्क लावलेला अजित दारातूनच म्हणाला, "विज्ञानावर असा आंधळा विश्वास ठेवू नये."

महिपतरावांनी गोधडी पुन्हा तोंडावर ओढली. तापापेक्षा ते वाक्य त्यांना जास्त लागलं. शेवटी सून मानसीने पेजेचा वाडगा नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याला खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. अजितने आठ दिवस बापाची सेवा केली. त्याला एक शिंकसुद्धा आली नाही, याचा त्याला फार राग आला.

बरे होताच महिपतरावांनी राजीनामा दिला आणि डॉक्टरांना विचारून लस घेतली. नव्या अध्यक्षासाठी विहारात सभा भरली. पन्नाशीतला माणूस हवा होता. नातवंडं खेळवणारा राहुल उठून म्हणाला, आपल्याला आत्ताच चाळिसावं लागलं. केस पिकलेल्या सदूने तर अजून लग्नाचं बघतोय म्हणून सांगितलं. टक्कल पडलेली, गुडघ्याला पट्टे बांधलेली माणसं एकामागून एक उठली आणि सगळी तिशी-चाळिशीतली निघाली. मागच्या रांगेत इंदूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

डॉक्टर जयमालांनी लसीची पेटी उघडून टेबलावर ठेवली, तेव्हा सभा संपल्याचं सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.