वरच अडकलेला बोया

मित्रांनो, मला पाहिलं तर तुम्ही हसाल. आवळ्याएवढा काळा गोळा, पोटात बारीकसं लोहचुंबक आणि मधोमध आरपार दांडी. पनवेलच्या कोळीवाड्यातल्या एका घरात, खिळ्याला टांगलेल्या जाळ्याच्या बोयांमध्ये, म्हणजे जाळं तरंगत ठेवणाऱ्या गोळ्यांमध्ये, मी लटकतो आहे. पण मी जाळ्याचा नाही. मी एका गाडीच्या टाकीतला फ्लोट आहे. वेळेवर खाली पडणं एवढंच माझं काम होतं. ज्या दिवशी पडायलाच हवं होतं, नेमका त्या दिवशी मी पडलो नाही.

एका कारखान्यात मला साच्यातून काढलं, दांडीत ओवलं आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत बसवलं. टाकी भरलेली असली की वर तरंगायचं, पाणी घटलं की खाली यायचं. मी खाली आलो की चालकासमोर लाल दिवा लागे आणि भोंगा पीं पीं करू लागे.

२००९ साली आनंदाने आमची गाडी घेतली. तीस वर्षं उरणच्या बोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस. गुडघे कुरकुरू लागले तसा तो पनवेलला आला. गाडीत त्याने दोन बिछाने, शेगडी आणि छोटी मोरी बसवली आणि पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्याने कुटुंबांना फिरवू लागला. किनाऱ्यावर गाडी उभी करायची, आतच रांधायचं, आतच झोपायचं.

पहिल्याच वर्षी कर्नाळ्याजवळ एक नळी निसटली. मी झटकन खाली आलो, भोंगा वाजला, गाडी वाचली. आनंदाने टाकीवर थाप मारली. "ह्यो आपला बोया हाय. खोटं बोलायचा नाय!"

मी केवढा फुशारलो! पण घात त्याच दिवशी सुरू झाला. गाडीत खाडीच्या पाण्याचा कॅन असे, ही त्याची बोटीवरची सवय. तेच खारं पाणी त्याने टाकीत ओतलं आणि पुढे दर वेळी तेच ओतत राहिला. हळूहळू टाकी आतून पांढरी झाली. बाहेरून पाणी दिसेना. माझ्या दांडीवर मीठ चढू लागलं, आणि एक दिवस मी खालीच चिकटलो. टाकी काठोकाठ भरलेली, तरी भोंगा बंद होईना.

पळस्प्याच्या गॅरेजमधल्या विनायकने झाकण उघडून बघितलं. "काका, बोटीत समुद्राचं पाणी येतं तसं बाहेर जातं. इथे तेच पाणी कोंडून फिरतं, मीठ आतच राहतं. सगळं धुऊन इंजिन थंड ठेवणारं कूलंट भरू. नळ्याही खाल्ल्यात मिठाने."

"तीस वरसं दर्याच्या पान्यावर इंजिन चालवलंय मी," आनंदा म्हणाला. "नातवाचं जावळ होऊ दे, मंग बघू."

भोंगा वाजला की तो नट आवळायच्या पान्याच्या दांड्याने टाकीवर ठोके मारी. दोन-चार ठोक्यांत मी सुटे, वर येई, भोंगा थांबे. एकदा ठोका जरा जोरात बसला. मी उसळून थेट वर गेलो आणि वरच्या मिठात रुतलो. त्यानंतर भोंगा वाजलाच नाही.

"बग, सुधारला!" आनंदा खूश झाला. माझ्याखाली कुरतडलेल्या नळीतून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि मला हलता येत नव्हतं.

चैत्रात सगळे एकवीरेला निघाले. नऊ महिन्यांच्या आर्यनचं जावळ देवीपुढे काढायचं होतं. चालकाच्या बाजूला इंजिनाचं झाकण असतं. त्यावर गोधडी घालून लेकीने, मनिषाने, बाळाला निजवलं. उबेने तो पटकन झोपे. खोपोली मागे पडली, घाट लागला, टाकीतलं उरलंसुरलं पाणीही उतरलं.

"काटा बग, खाली चाललाय," आनंदा म्हणाला. "इंजिन थंड हाय."

तो काटा पाण्याची उष्णता सांगे. पाणीच नव्हतं, तर तो बिचारा काय सांगणार? पड, पड, असं मी स्वतःला बजावत होतो. मीठ सोडत नव्हतं.

आनंदाची बायको भीमाबाई गोधडी नीट करायला वाकली आणि दचकली. "आवो, भाजतंय हितं! गाडी थांबवा!"

"काय असतं तर बोया बोलला असता," तो म्हणाला आणि त्याने आणखी एक वळण घेतलं.

भीमाबाईने बाळाला उचलून मागे मनिषाकडे दिलं. तेवढ्यात इंजिनात उरलेल्या घोटभर पाण्याची वाफ होऊन खाली नळी फुटली. झाकणाच्या फटीतून वाफेचा लोट उसळला. बाळ वाचलं. बाळाला देऊन परत येणारा तिचा हात मात्र कोपरापर्यंत भाजला. तिची किंकाळी मी टाकीत ऐकली. ती मी कधीच विसरणार नाही.

दुसऱ्या गाडीने तिला दवाखान्यात नेलं. इंजिन निवल्यावर आनंदाने टाकी सोडवून हलवली. मी हललो नाही.

"पान्यात बोया हलतो, कोरड्यात पडतो," तो पुटपुटला. "ह्यो दोन्ही करत नाय." त्याने मला नखाने खरवडलं आणि नख जिभेला लावलं. "ह्याची काय चूक? ह्ये माजंच मीठ हाय."

आता गाडीत नवा फ्लोट आहे. रोज सकाळी आनंदा टाकी हलवून तो हलतो का ते बघतो, मगच चावी फिरवतो. मला त्याने दांडीसकट इथे टांगलं आहे, वर अडकलेल्या जागीच. कुणालाही मीठ काढू दिलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात सारखं टोकणारं कुणीतरी असेल. कंटाळा येतो, मला ठाऊक आहे. पण ते अचानक गप्प झालं, तर सुटलो म्हणू नका. उठा आणि जाऊन बघा.

भीमाबाई माझ्यासमोरून जाते तेव्हा अजूनही तो हात पदराखाली घेते. त्या वेळी मला खाली पडावंसं वाटतं. पण मीठ सोडत नाही.